बाबुराव शेडमाकेंवर भव्य चित्रपट लिहायचाय? आधी अहेरीच्या बाईंचा प्रसंग लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1858 साली चांदा (आजचं चंद्रपूर) भागात झालेल्या गोंडांच्या उठावावर, म्हणजे बाबुराव शेडमाके यांच्यावर, मोठ्या पडद्यासाठी चित्रपट लिहायचा आहे. इंग्रजी कागदांत ते लुटारू, लोकांच्या तोंडी जवळजवळ देव. लढाया हाताशी आहेत, तारखा आहेत, शेवट फाशीचा आहे. पहिला खर्डा झालाय. वाचणारे 'छान आहे' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. कुठे अडलंय? सोबत लढायांची यादी आहे, आणि भाषा कोणती ठेवावी, खर्च कसा जमवावा, मालिका करावी का, असंही विचारलंय.

खर्डा मी पाहिलेला नाही, पण तुम्ही लढायांची जी यादी दिली आहे त्यावरून अंदाज येतो. राजगड, नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला, बामणपेठ, घोट, चिंचगुंडी. प्रत्येक चकमक आधीच्यापेक्षा मोठी, मध्ये एक गाणं, मग फितुरी, मग फास. ऐतिहासिक पटकथा लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा आलेख निर्मात्याला ऐकवताना फार रंगतो आणि पडद्यावर सपाट पडतो. पहिली गोळी सुटते तेव्हा हा माणूस नेमकं काय वाचवतोय हेच प्रेक्षकाला कळलेलं नसतं. 'इंग्रज वाईट, आपण चांगले' यावर दहा मिनिटं निघतात, पावणेतीन तास निघत नाहीत.

माझ्या मते या कथेचा कणा लढायांत नाहीच. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं, कणा तिथे आहे. तो प्रसंग सगळ्यात आधी लिहा. लिहून झाल्यावर बाई खलनायिका वाटत असतील तर फाडा आणि परत लिहा.

हे का म्हणतो ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले. मुलगा नाही, म्हणून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. चांद्यात पहिला डेप्युटी कमिशनर त्याच वर्षाच्या अखेरीस येऊन बसला. म्हणजे उठाव झाला मार्च 1858 मध्ये, तेव्हा तिथली इंग्रजी राजवट सव्वातीन वर्षांची होती. 'पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी' वगैरे संवाद खर्ड्यात असतील तर आत्ताच काढा. त्या मुलखातल्या राजगोंड जमीनदाराच्या आठवणीत तीन राजवटी होत्या: चांद्याचे आपले गोंड राजे, 1751 पासून भोसले, आणि आता हे नवे साहेब. भोसल्यांच्या काळात जंगलपट्टीतल्या जमीनदारांना बऱ्यापैकी मोकळीक असे. ठरलेली टाकोळी, म्हणजे दरसालची खंडणी, भरायची, आपल्या हद्दीत बंदोबस्त ठेवायचा, बाकी गावं, न्यायनिवाडा, जंगल हे आपलं आपण बघायचं. नव्या साहेबाला प्रत्येक गोष्ट लिहून, मोजून, सही-शिक्क्यात हवी होती. तोफ नंतर आली. आधी आले ते कारकून. तुमच्या चित्रपटातला पहिला 'हल्ला' हा वहीचा असायला हवा.

आणि बाबुराव हे कुणी भुकेकंगाल रयत नव्हते. आजच्या अहेरी तालुक्यातल्या मोलमपल्लीचे ते जमीनदार. चोवीस गावांची जमीनदारी, आणि रायपूरला शिक्षण झाल्याचंही सांगतात. उठावाच्या वेळी वय पंचविशीचं. त्यांना कमरेला लंगोटी, हातात भाला आणि डोक्यात पिसं खोचून उभं केलंत, तर चित्रपट पहिल्याच चौकटीत खोटा पडेल. राजगोंड जमीनदार धोतर, अंगरखा, मुंडासं अशा पोशाखात वावरणारा, घोड्यावर बसणारा, कागद वाचणारा माणूस होता. त्याच्या फौजेत गोंड होते तसे पगारी रोहिलेही, म्हणजे भाडोत्री पठाण शिपाईही, होते. इंग्रजी नोंदीत दोघांचा उल्लेख बरोबरीने येतो. निर्माते हे रोहिले काढून टाकायला सांगतील, 'कथा शुद्ध ठेवू' म्हणतील. काढू नका. मार्चमध्ये पैशाने आलेला रोहिला पुढे एप्रिलमध्ये कशासाठी थांबलाय, यात अख्खं एक पात्र दडलेलं आहे.

आता लक्ष्मीबाई. अहेरी ही चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी. तिथे गादीवर एक बाई. चार वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत नागपूरचं एवढं मोठं राज्य वारस नाही म्हणून गिळलं गेलं. भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात गेले. 1857 मध्ये खुद्द नागपूरच्या राणी बाकाबाईंनी इंग्रजांविरुद्ध उठायला नकार दिला होता. ही बातमी अहेरीला पोचलीच असणार. अशा वेळी चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन याची पत्रं येतात: बाबुरावाला धरून द्या. बाईंसमोर एका पारड्यात आपल्याच जातीचा, शेजारचा तरुण जमीनदार आणि दुसऱ्या पारड्यात शेकडो गावं, त्यांतली माणसं, स्वतःची गादी.

या प्रसंगात बाईंना एकही ओळ अशी देऊ नका की जिच्यातून लोभ दिसेल. लोभ असेलही, नोंदीप्रमाणे पुढे बाबुरावांचे साथीदार जमीनदार व्यंकटराव यांच्या जप्त मुलखातली 67 गावं त्यांना बक्षीस मिळाली. पण निर्णय घेताना त्यांच्या हातात बक्षीस नव्हतं, फक्त भीती होती आणि हिशेब होता. मी लिहिलं असतं तर असं: बाई कारभाऱ्याला विचारतात, नागपूरच्या राणीकडे किती हत्ती होते? कारभारी आकडा सांगतो. 'आणि आता?' कारभारी गप्प. बस. मग पत्राला उत्तर लिहायला घेतात. बाबुरावांना जेवायला बोलावून हात धुताना पकडलं, अशी कथा सांगितली जाते. ती घ्यायची तर घ्या, पण पंगतीतल्या दग्याच्या नाट्यावर विसंबू नका. त्यापूर्वीच्या रात्री बाई काय करत होत्या, ते दाखवा.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगतो. त्याच साली, जून 1858 मध्ये, झाशीची लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढताना पडली. प्रेक्षकाच्या डोक्यात ते नाव म्हणजे तीच. संवादात 'अहेरीच्या बाई' असंच येऊ द्या, पूर्ण नाव एकदाच, उशिरा, क्रायटनच्या पत्राच्या मायन्यात.

हा प्रसंग पक्का झाला की मागच्या लढायांचं काय करायचं ते आपसूक कळतं. प्रत्येक चकमकीनंतर एक प्रश्न उरला पाहिजे: आता शेजारचा जमीनदार कुठे उभा राहील? अडपल्ली-घोटचे व्यंकटराव बाबुरावांना येऊन मिळाले. बाकीचे का नाही आले? राजगड 7 मार्चला घेतलं, 13 मार्चला नांदगाव-घोसरीला क्रायटनच्या माणसांना मागे रेटलं. हे विजय दाखवा, पण प्रत्येक विजयानंतर कॅमेरा एखाद्या तिसऱ्याच वाड्यात जाऊ दे, जिथे कुणीतरी बातमी ऐकून दार लावून घेतंय. उठाव पसरतोय का एकटा पडतोय, हा ताण तुम्हाला शेवटपर्यंत पुरेल. सहा लढाया तपशिलात दाखवायची गरज नाही. दोन दाखवा, बाकीच्या निरोप्याच्या तोंडून येऊ द्यात. तेव्हा नागपूरला रेल्वेसुद्धा नव्हती. ती 1867 ची. बातमी माणसाच्या पायाने चालायची आणि वाटेत बदलायची, याचा फायदा घ्या.

ऋतूबद्दल बोलतो, कारण इथे हटकून फसगत होते. लढायांचा सगळा मामला मार्च ते मे मधला. चांद्याचं जंगल म्हणजे साग आणि बांबू. मार्च संपता संपता सागाची पानं झडून जातात, खाली पाचोळ्याचा जाड थर, पाय टाकला की आवाज. पळस लाल, बाकी रान करडं. दूरवरचा माणूस दिसतो. चित्रीकरण मात्र पावसाळ्यानंतर होतं, कारण तेव्हा हिरवं छान दिसतं आणि नट वितळत नाहीत. मग दाट झाडीतून सपासप बाण सुटतात, आणि ज्याने ते रान उन्हाळ्यात पाहिलंय तो थेटरात हसतो. उघड्या रानात दबा धरायचा तर पानांचा आडोसा नाही. टेकडी हवी, नाल्याची दरड हवी. गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून दगड लोटले, ही जी आठवण सांगतात ती म्हणूनच पटते. पाणी कुठे उरलंय हे कुणाला माहीत, यावर तेव्हा लढाई ठरत असणार. तुमच्या युद्धदृश्याचा आराखडा पाणवठ्यांपासून करा.

आणि त्याच दिवसांत मोह गळतो. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात; फुलं दिसावीत, वेचता यावीत म्हणून आधीच खालचा पाचोळा जाळून जमीन काळी, साफ केलेली असते. त्या काळ्या वर्तुळावर पिवळसर, रसाळ, बोटाला चिकटणारी फुलं. वर्षभराच्या पोटाचा आधार याच दोन-तीन आठवड्यांत गोळा करायचा, आणि नेमका तेव्हाच उठाव. म्हणजे फौजेत आलेला प्रत्येक जण घरचा मोह टाकून आलाय. हे एकदा दाखवलंत की बलिदानावर भाषण लिहायची गरज संपते. बायको विचारेल, 'मोह कोण वेचणार?' आणि याला उत्तर नसेल.

काळाच्या गफलतींची यादी मोठी होईल, चारच सांगतो. वनखात्याचा शिपाई 1858 मध्ये आणू नका. पहिला वनकायदा 1865 चा, कडक कायदा 1878 चा. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा कोमराम भीम यांच्या लढ्याशी जोडली जाते, तो प्राणहितेच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात, 1940 मधला. बाबुरावांच्या तोंडी ती घालणं म्हणजे आजच्या मोर्चाचा फलक त्यांच्या हाती देणं. बंदुका बहुतेक तोड्याच्या. एक बार काढला की भरायला वेळ लागतो, दोन्हीकडे. आणि गव्याच्या शिंगांचा तो मुकुट, जो प्रत्येक कलादिग्दर्शकाला हवाच असतो, तो बस्तरच्या दंडामी माडियांचा, नाचातला. युद्धात तो घालून धावणारा गोंड मी तरी पडद्यावरच पाहिलाय.

गोटूलबद्दल, म्हणजे गोंड तरुण-तरुणींच्या युवागृहाबद्दल, हेही जाता जाता. निर्माता कधीतरी म्हणेल, तिथे एक प्रणयगीत टाकू. तिथे ठाम राहा. रेला गाणं-नाच ठेवा, पण चंद्रप्रकाशात उघड्या खांद्यांचा जो तमाशा आजवर झाला, तो पुन्हा नको. आणि पेनच्या, म्हणजे देवाच्या खऱ्या वस्तू चित्रीकरणाला मागू नका. प्रतिकृती बनवायची तरी गावच्या मंडळींना विचारून. नाही म्हणाले तर तो प्रसंग दाराबाहेरून दाखवा.

साधनांकडे येऊ. तुमच्या हातात मुख्यतः 1869 चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल आणि 1870 चं मध्य प्रांतांचं गॅझेटिअर असेल. दोन्ही जिंकलेल्यांनी लिहिलेली. त्यात बाबुरावांचा उठाव काही परिच्छेदांत आटपतो. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. ती कशासाठी वाचायची ते बदलतं. त्यात 'लुटालूट' म्हटलंय तिथे विचारायचं: काय लुटलं, कुणाचं, आणि कशाला हात लावला नाही? कुणाचं नाव लिहिलंय आणि कुणाचं नाही? चिंचगुंडीला मेलेल्या दोन गोऱ्यांची नावं, गार्टलंड आणि हॉल, कागदावर आहेत. पीटर नावाचा तिसरा निसटला, तेही आहे. त्या उन्हाळ्यात मेलेल्या गोंडांची नावं नाहीत. ती माणसं तुम्हाला रचावी लागतील, खुशाल रचा, पण श्रेयनामावलीत ती कल्पित आहेत असं स्वच्छ लिहा.

हीच अडचण दुसरीकडेही आहे. पुरंदरच्या उमाजी नाईकांना 1832 मध्ये फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर पुस्तक छापलं ते कॅप्टन मॅकिंटॉशने, म्हणजे त्यांच्या पाठलागावर असलेल्या फौजेतल्या माणसाने. तरी आज उमाजींबद्दल लिहिणाऱ्याला त्याच्याकडे जावंच लागतं. बिरसा मुंडांचं जे छायाचित्र आपण सगळीकडे पाहतो तेही कैदेतलं. एवढ्यावरून मात्र बिरसा आणि बाबुराव एका साच्यात घालू नका. बिरसांचा उलगुलान, म्हणजे मोठा उठाव, 1899-1900 चा. त्यामागे खुंटकट्टीच्या, म्हणजे पूर्वजांनी रान साफ करून कुळासाठी मिळवलेल्या, जमिनी दिकूंच्या, म्हणजे बाहेरच्यांच्या, हाती गेल्याची अनेक दशकांची जखम होती, धर्मसुधारणेचा मोठा भाग होता. बाबुरावांकडे हे नाही. त्यांना पैगंबराचं तेज उसनं दिलंत तर दोघांवर अन्याय.

लोककथांचं काय? बाबुरावांना दैवी बळ मिळालं होतं, फासावर चढवल्यावर दोर तुटला, अशा गोष्टी सांगतात. त्या वगळू नका आणि कॅमेऱ्यासमोर घडतानाही दाखवू नका. फाशी झाली 21 ऑक्टोबर 1858 ला, चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात. तुरुंगातून परतलेला माणूस गावात काय सांगतो, आणि पुढच्या गावात तेच कसं सांगितलं जातं, असे दोन-तीन प्रसंग करा. दोर किती वेळा तुटला याचा आकडा प्रत्येक गावात वाढू दे. लोक खोटं बोलतायत असं कुठेही वाटता कामा नये. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघितले की ते वाटणारही नाही.

चिंचगुंडीची रात्र हा तुमच्या चित्रपटाचा सगळ्यात अवघड भाग, आणि बहुतेकांनी तो चकचकीत करून टाकला असता. 29 एप्रिलला प्राणहितेकाठच्या छावणीवर हल्ला झाला. मेले ते तारखात्याचे लोक, सैनिक नव्हेत. तार ही 1857 नंतर कंपनीची सर्वांत मोठी ताकद ठरली होती, त्यामुळे त्या छावणीला निशाणा करणं हे लष्करी दृष्टीने वेडेपणाचं नव्हतं. पण तंबूत झोपलेल्या माणसाला मारणं हे तंबूत झोपलेल्या माणसाला मारणंच असतं. दोन्ही गोष्टी एकाच दृश्यात राहू द्यात. पार्श्वसंगीत नको. गार्टलंडला क्रूर दाखवून प्रेक्षकाची सोय करू नका. तो नोकरीवर आलेला माणूस होता. दुसऱ्या सकाळी बाबुरावांच्या माणसांपैकी एखादा तारेचं यंत्र हातात घेऊन बघतोय, हे काय करतं ते त्याला कळत नाही, एवढं पुरे. यानंतर इंग्रजांना तडजोड शक्यच नव्हती, आणि अहेरीवरचा दाबही इथूनच वाढतो. म्हणजे हा प्रसंग थेट तुमच्या कण्याला जोडलेला आहे.

शेवटासाठी एक तारीख देतो, जी खर्ड्यात बहुधा नसेल. फाशीनंतर अकराव्या दिवशी, 1 नोव्हेंबर 1858 ला, राणीचा जाहीरनामा वाचला गेला: कंपनी सरकार संपलं, आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना माफी. ज्यांचा ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात हात होता त्यांना ती माफी नव्हती, तेव्हा बाबुराव जगले असते तरी सुटले नसते. पण चांद्यातल्या ज्या चौकात हा जाहीरनामा वाचला जात असेल, तिथे अकरा दिवसांपूर्वीची फाशी पाहिलेले लोकच उभे असणार. व्यंकटराव तोवर बस्तरकडे निसटलेले. ते 1860 मध्ये पकडले गेले. चित्रपट फासावर संपवण्याऐवजी तिथवर न्यायचा विचार करून बघा, कारण मग अहेरीच्या बाई पुन्हा एकदा पडद्यावर येऊ शकतात, या वेळी बक्षिसाचा कागद हातात घेऊन.

भाषेचं विचारलंय. गोंड आपसात गोंडीत बोलतील, खाली मराठी अक्षरं. अहेरी-सिरोंच्याकडच्या बोलीवर तेलुगूची छाया आहे. इतर भागातला गोंडी जाणकार आणून भागणार नाही, तिकडचाच माणूस हवा, तोही संवाद लिहिताना, पाठांतराच्या वेळी नव्हे. त्याला मानधन संवादलेखकाचं द्या आणि नावही त्याच रांगेत. कचेरीत मराठी, साहेबांत इंग्रजी. गोऱ्यांना मोडकं हिंदी बोलायला लावून हशा मिळवायचा मोह टाळा.

खर्च हा तुमचा शेवटचा मुद्दा. शेकड्यांत मोजण्याएवढ्या फौजेला संगणकावर पाच हजारांची करू नका, त्याने भव्यता वाढत नाही. मार्चचं उघडं रान, प्राणहितेचं रुंद वाळवंट आणि त्यातून चालणारी दोनशे माणसं, इतकं मोठ्या पडद्याला भरपूर होतं. वाचलेले पैसे ऋतूत थांबायला वापरा: एक पथक दोन उन्हाळे तिकडे जाऊन मोह, पळस, पानगळ टिपून येऊ दे, मुख्य चित्रीकरण फेब्रुवारीअखेर सुरू करा. मालिका करावी का, असंही विचारलंत. आठ भाग मिळत असतील तर घ्या. त्यात रोहिला, कारभारी आणि मोह वेचणारी बायको यांना जागा मिळेल. चित्रपटच करायचा असेल तर या तिघांपैकी कारभारी ठेवा.